विद्यापीठातलं संशोधन आणि मालव्याची माती: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंदूरमध्ये माती, पाणी आणि पिकं यांवर शिकवणारी आणि संशोधन करणारी काही मराठी मंडळी आहोत. गणेशोत्सवातल्या व्याख्यानांनंतर, राजेंद्रनगर-रामबागेतल्या घरगुती बैठकींत आणि सांवेर-देपालपूरकडच्या गावांत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

संशोधन म्हणजे पेपर छापणं. त्याने आमच्या घरात काय फरक पडतो?

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. पोळीसाठी आपण ज्याला लोकवन म्हणतो तो गहू, म्हणजे लोक-1, सौराष्ट्रात सणोसरा इथल्या लोकभारती या ग्रामीण शिक्षणसंस्थेत तयार झाला. दलिया आणि रवा ज्या कठिया गव्हाचा (आपल्याकडे त्याला बन्सी म्हणतात) चांगला होतो, त्याची पोषण, पुसा मंगल, पुसा तेजस ही वाणं इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातली आहेत. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं हे केंद्र 1951 पासून इथे आहे. वाण तयार करताना कोणी तांबेरा या रोगाला दाद न देणारी रोपं वर्षानुवर्षं निवडत बसलेलं असतं, कोणी दाण्यातलं प्रथिन मोजत असतं. पेपर छापला जातो हे खरं, पण शेतातलं काम आधी झालेलं असतं.

इंदूरमध्ये झालेल्या आणि जगभर पोचलेल्या संशोधनाचं एक तरी उदाहरण सांगाल?

आनंदाने. शेतीशास्त्राच्या जगात आपल्या शहराचं नाव खताला आहे. ‘इंदूर पद्धतीचं कंपोस्ट’ हा शब्दप्रयोग आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांपासून इंग्लंडमधल्या बागांपर्यंत पोचला. आजच्या सेंद्रिय शेतीच्या मुळाशी ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

1924 साली होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. पैसा मुख्यतः कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा होता. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी ते बिहारमधल्या पुसा इथे जवळजवळ दोन दशकं होते. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ एका खोलीत, रसायनतज्ज्ञ दुसऱ्या खोलीत आणि कीटकतज्ज्ञ तिसऱ्या, अशी वाटणी होती. शेतकऱ्याचं पीक मात्र एकच होतं. ही वाटणी त्यांना खुपत होती. इंदूरला त्यांनी पिकाकडे, मातीकडे, बैलांच्या गोठ्याकडे आणि मजुरांच्या कामाकडे एकत्र पाहायचं ठरवलं.

संस्था कापसासाठी होती. पण कापूस चांगला यायचा तर जमिनीत सेंद्रिय पदार्थ हवा, आणि शेण तर चुलीत गोवऱ्या होऊन जळत होतं. मग उरतं काय? पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), तुरीच्या काड्या, तण, पालापाचोळा, उसाची पाचटं. पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. त्या शेतरस्त्यावर पसरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होतो. तो चुरा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा, त्यात मूत्र मुरतं. गोठ्यातली मूत्र मुरलेली माती अधूनमधून खणून काढायची. हे सगळं थोडं शेण आणि लाकडाची राख यांच्यासह उथळ खड्ड्यात थराथराने भरायचं, पाणी शिंपडायचं आणि दोन-तीनदा वरखाली करायचं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग करायचा. साधारण 90 दिवसांत खत तयार. यात कोणतंही यंत्र नव्हतं, विकत आणायचं असं जवळजवळ काही नव्हतं, आणि जे लागत होतं ते त्याच गावात पडलेलं होतं. चीनमधले शेतकरी पिढ्यान् पिढ्या असंच काही करत आले होते, हे हॉवर्ड स्वतः सांगत. इंदूरमध्ये त्याला मोजमाप मिळालं: ओलावा किती, हवा किती, उष्णता कुठपर्यंत चढते, नत्र (नायट्रोजन) किती टिकतो.

ही मोजमापं ज्यांच्या प्रयोगशाळेत झाली त्यांचं नाव इंदूरच्या मराठी घरांत फारसं घेतलं जात नाही, याची आम्हाला खंत आहे. यशवंत वाड हे या संस्थेतले रसायनतज्ज्ञ. 1931 साली ऑक्सफर्डहून या पद्धतीचं पुस्तक निघालं त्यावर लेखक म्हणून हॉवर्ड यांच्या बरोबरीने वाड यांचं नाव आहे. शाळेतल्या मुलांना आपण हे सांगायला हवं. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली, आणि पुढे त्यांच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून ही पद्धत खेड्यांपर्यंत नेली गेली. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

ही पद्धत फ्लॅटमध्ये करता येते का? आमच्या डब्याला वास येतो.

येते, फक्त आकार छोटा होतो. कुजवणारे जिवाणू कार्बन खाऊन ऊर्जा मिळवतात आणि नत्रातून शरीर घडवतात. त्यांना वजनाने साधारण 25 ते 30 भाग कार्बनला एक भाग नत्र मानवतो. भाजीची देठं, सालं, उरलेला भात यांत नत्र आणि पाणी जास्त. सुका पाला, नारळाच्या शेंड्या, पुठ्ठ्याचे तुकडे यांत कार्बन जास्त. आपल्या घरांत पहिलं भरपूर असतं, दुसरं नसतंच. वास येतो तो त्यामुळे.

रोजच्या ओल्या कचऱ्यावर तेवढाच किंवा त्याहून थोडा जास्त सुका पाला टाका. इंदूरमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा दोन गोणी भरून ठेवल्या तर पावसाळाभर पुरतात. मूठभर मिश्रण हातात घेऊन दाबा: बोटांमधून पाणी ठिबकलं तर फार ओलं, मूठ उघडल्यावर भुगा झाला तर फार कोरडं. आठवड्यातून एकदा वरखाली करा, हवा आत जाऊ द्या. थोडं ताक किंवा जुनं खत घातलं तर सुरुवात लवकर होते. तेलकट रस्सा आणि मांसाची हाडं टाळा. लिंबाची सालं घालायला हरकत नाही, पण बारीक करून आणि थोडीच.

छोट्या डब्यात उष्णता फारशी चढत नाही. मोठ्या ढिगात ती 60 अंशांच्या पुढे जाते आणि तणांचं बी, रोगजंतू मरतात. म्हणून रोगट रोपं घरच्या डब्यात टाकू नका.

पण निगमची (महापालिकेची) गाडी ओला कचरा घेऊन जातेच की. शहर 2017 पासून स्वच्छतेत पुढे आहे. मग हा खटाटोप कशाला?

निगमचं काम खरोखर मोठं आहे. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज 550 टनांपर्यंत ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा आहे. तिथे कंपोस्टपेक्षा वेगळी क्रिया होते: हवा बंद टाक्यांत दुसऱ्या जातीचे जिवाणू मिथेन तयार करतात, तो शुद्ध करून गाड्यांत भरतात, आणि उरलेल्या गाळाचं खत होतं. हे जमतं ते घराघरांत कचरा वेगळा होतो म्हणून. एक पातळ प्लास्टिकची पिशवीसुद्धा टाकीतल्या पंपाला त्रास देते.

तेव्हा ज्यांना जागा आणि वेळ नाही त्यांनी नीट वेगळा करून गाडीत द्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण ज्यांच्याकडे बाग आहे, गच्ची आहे, त्यांनी निदान पाला तरी गाडीत देऊ नये. तुमच्या झाडाचा पाला तुमच्याच मातीत परत जावा, हे आमचं ठाम मत आहे.

गावाकडे नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं काड) जाळतात. त्यात एवढं बिघडतं काय? राखही खतच ना?

राखेत पालाश (पोटॅश) आणि काही स्फुरद (फॉस्फरस) उरतं. नत्र जवळजवळ सगळं आणि गंधकाचा मोठा भाग धुरात जातो, आणि सेंद्रिय कार्बन तर पूर्ण जातो. मालव्याच्या जमिनींत आधीच गंधक आणि जस्त यांची कमतरता ठिकठिकाणी आढळते. सोयाबीनला तेल आणि प्रथिन बनवायला गंधक लागतं. म्हणजे एप्रिलमध्ये जे जाळलं तेच जूनमध्ये दुकानातून विकत आणायचं.

तरीही शेतकऱ्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. हार्वेस्टरने कापणी झाली की गुडघाभर काड उभं राहतं, मजूर मिळत नाहीत, भुसा बनवणारं यंत्र वेळेवर येत नाही. ज्या संशोधनात हा मजुरीचा आणि यंत्राच्या भाड्याचा हिशोब नसतो, ते गावात टिकत नाही. रोटाव्हेटरने काड जमिनीत मिसळलं तर पहिले काही आठवडे जिवाणू मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात आणि पीक पिवळं दिसतं. हे आधी सांगितलं नाही तर शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा काडी ओढतो. गव्हाच्या बाबतीत निसर्गाने एक सोय ठेवली आहे: कापणी आणि सोयाबीनची पेरणी यांच्यात दोन-अडीच महिने असतात. तेवढा अवधी काडाला पुरेसा आहे, फक्त ते बारीक होऊन मातीला लागलेलं हवं आणि एखाद-दुसरी ओल मिळायला हवी.

नवीन कॉलनीतल्या आमच्या घराच्या भिंतीला उन्हाळ्यात तडे जातात. ठेकेदार सिमेंटला दोष देतो. हा तुमचा विषय आहे का?

हो, आणि फार जिव्हाळ्याचा. इंदूरचं पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनलेल्या बेसॉल्टचं आहे. त्या खडकाची झीज होऊन जी काळी माती बनली तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांना पाणी आत ओढून घ्यायची सवय आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताला हे चालतं. त्या भेगांतून वरची माती खाली जाते, जमीन आपोआप उलथते. घराला मात्र चालत नाही. पायाचा एक कोपरा वर उचलला गेला आणि दुसरा तिथेच राहिला की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडा निघतो. तिरपा आणि ऋतूनुसार कमी-जास्त होणारा तडा दिसला तर आधी मातीचा संशय घ्या.

यावर आपल्याच देशात उत्तम काम झालं आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कंद असलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल, म्हणजे पायाखालचे खोल खांब, पुढे आणले. ऋतूंप्रमाणे ओलावा जिथे बदलत नाही अशा थरात, साधारण साडेतीन मीटर खोलीवर, घर पाय रोवतं. आयआयटी मुंबईतल्या प्रा. कट्टी यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, उदाहरणार्थ योग्य मुरुमाचा, पुरेसा जाड थर दाबून घातला तर खालची माती फुगायचं बळ गमावते. काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी या शोधाचा मोठा उपयोग झाला.

घर बांधून झालं असेल तर पायाभोवतीचा ओलावा सारखा राहील असं पाहा. गच्चीचं पाणी पायाशी सोडू नका, भिंतीलगत उताराचा पक्का पट्टा करा, गळका नळ लगेच दुरुस्त करा, आणि पिंपळ-वडासारखी झाडं भिंतीपासून लांब ठेवा. घर घ्यायचं असेल तर बिल्डरकडे मातीचा तपासणी अहवाल मागा. विचारायला संकोच करू नका.

सोयाबीनमुळे मालव्याची जमीन बिघडली, असं आजोबा म्हणायचे. खरं आहे?

अर्धं. ‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण ज्या काळातली आहे तेव्हा इथे बरीच जमीन पावसाळ्यात पड ठेवत. खरिपात चिखल एवढा की बखर (कुळवासारखं अवजार) चालत नसे. पाणी मुरवायचं आणि रब्बीत त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. 1970 नंतर सोयाबीन आलं आणि पड जमीन पिकाखाली आली. हजारो कुटुंबांच्या हाती दिवाळीआधी पैसा आला. दुसरीकडे वर्षानुवर्षं तेच पीक, तीच खतं, आणि रब्बीसाठी ट्यूबवेल यांचा भार जमिनीवर आणि पाण्यावर पडला. बेसॉल्टमध्ये पाणी साठायला जागा मुळात कमी, फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून दोष एका पिकाचा नाही, अदलाबदल न करण्याचा आहे. मधूनमधून तूर, मका, ज्वारी यायला हवी.

सोयाबीन स्वतः हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत बांधतं. पेरणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी एक रोप हलकेच उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम (गाठी बनवणारे जिवाणू) लावा. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

उत्पादन देशभरात हेक्टरी टनाच्या आसपास रेंगाळतं. कारणं बरीच, पण काळ्या मातीत पहिलं कारण पाणी तुंबणं आणि नंतर पावसाने ओढ देणं. त्यासाठी रुंद वरंबा-सरी, म्हणजे बीबीएफने पेरणी. वरंब्यावर ओळी आणि मध्ये सरी. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, ओढ पडली तर सरीतली ओल कामी येते. साधारण 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि घरचं बी असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. 70 च्या खाली उगवले तर बियाणं बदला.

कच्चं सोयाबीन दळून पिठात घालतो. चालतं?

नको. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारा ट्रिप्सिन-रोधक घटक असतो. दाणे आधी उकळत्या पाण्यात 15-20 मिनिटं उकळा, वाळवा आणि मग दळा. नऊ भाग गव्हाला एक भाग पुरे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने, जी खंडवा रोडवर 1987 पासून आहे, एनआरसी 127 हे वाण काढलं, त्यात या रोधकाचा मुख्य प्रकार नाही. एनआरसी 142 मध्ये तो नाही आणि उग्र वासाला कारण असलेलं एक विकर (एन्झाइम) सुद्धा नाही. घरोघरी खाल्लं जाईल असं सोयाबीन व्हावं म्हणून हे काम झालं आहे.

मातीचा नमुना कसा घ्यायचा? माती तपासणीचं कार्ड मिळालं, पण आकडे शेताशी जुळत नाहीत.

बहुतेक वेळा गडबड नमुन्यात असते. बांधावरून, झाडाखालून, खताच्या ढिगाजवळून माती घेऊ नका. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वरचा पाला बाजूला करा, इंग्रजी व्हीसारखा 15 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूचा बोटभर जाड काप वरून खालपर्यंत काढा. सगळे काप प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. जस्ताचं घमेलं वापरलं तर जस्ताचा आकडाच चुकतो. ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा. गव्हाच्या कापणीनंतरचा एप्रिल-मे महिना यासाठी सर्वांत चांगला. उताराची हलकी जमीन आणि खालची भारी जमीन यांचे नमुने वेगळे ठेवा.

उत्तर द्यायला तुम्हाला एवढी वर्षं का लागतात?

पीक वर्षातून एकदाच येतं. एका वर्षी पाऊस चांगला, दुसऱ्या वर्षी कमी. दोन्हींत टिकलं तरच सांगायचं. वाण देशपातळीवर मान्य होण्याआधी अनेक ठिकाणी आणि सहसा तीन हंगाम तपासलं जातं. आम्ही घाई केली तर तोटा शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

पैसा कंपनीचा असेल तर निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा?

तीन गोष्टी विचारा: पैसा कोणी दिला, तुलना कशाशी केली, आणि प्रयोग किती ठिकाणी किती हंगाम झाला. ‘काहीच न टाकलेल्या’ शेताशी तुलना करून कोणतंही औषध चांगलं दाखवता येतं. गावात आज जे वापरतात त्याच्याशी तुलना हवी.

तुम्ही लोकांचं ऐकता, की फक्त सांगता?

या बाबतीत आम्ही स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचं उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. प्लेगने गांजलेल्या इंदूरमध्ये 1917-18 च्या सुमारास होळकर दरबाराने त्यांना नगररचनेसाठी बोलावलं. नुसता अहवाल लिहून ते थांबले नाहीत. गल्ल्यांतून पायी फिरले, आणि दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं. ज्या भागात जास्त घरं साफ होतील तिथून मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. लोकांनी घरं धुतली, रंगवली, उंदरांची बिळं बुजवली, कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत आणि हारांसह सन्मानाने चालत होते, आणि घराघरांत तुळशीची रोपं वाटली गेली. लोकांच्या सणाला हात न लावता शास्त्र त्यात कसं मिसळावं, याचं आम्हाला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. त्यांच्या 1918 च्या अहवालात इंदूरमध्ये विद्यापीठ असावं याचा सविस्तर विचार आहे. विद्यापीठ प्रत्यक्षात 1964 मध्ये आलं.

मुलीला यात पाठवावं का? इंजिनिअरिंगच बरं नाही का?

तिला मातीत हात घालायला आवडत असेल तर नक्की पाठवा. बारावीला विज्ञान किंवा कृषी विषय घेऊन मध्य प्रदेशची पीएटी ही कृषी प्रवेशपरीक्षा देता येते, किंवा सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून देशातल्या इतर कृषी विद्यापीठांत जाता येतं. भूगोल, रसायन, जीवशास्त्र आणि स्थापत्यवाल्यांसाठीही मातीत पुष्कळ काम आहे, हे वर आलंच. एप्रिलच्या उन्हात शेतात उभं राहावं लागतं, तेवढं तिला आधी सांगा.

आमच्या शेतातला किंवा बागेतला प्रश्न तुमच्याकडे कसा आणायचा?

पिवळ्या पानाचा फोटो एकटा फारसं सांगत नाही. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की वरच्या कोवळ्या, हे आधी पाहा: जुन्या पानांवर असेल तर नत्राचा संशय, कोवळ्यांवर असेल तर गंधकाचा किंवा लोहाचा, आणि पिवळे-हिरवे ठिपके मिसळलेले असतील तर पिवळ्या मोझॅक विषाणूचा. शेवटचं खत आणि फवारणी कधी, कोणती, ते लिहून ठेवा. आजारी रोप मुळासकट, मातीच्या ढेकळासह खणून काढा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी आणा. त्याच शेतातलं एक निरोगी रोपही सोबत असू द्या.